जाळ्यांना पिवळा रंग

भाऊजी : अहो वहिनी, कळवायचं तरी! गाडी पाठवली असती. बाहेर किती वेळ ताटकळलात?

वहिनी : ताटकळते कशाला, मजेत बसले होते. तुमच्या शिपायानं पाणी दिलं, वर विचारलं, कुणाकडून आलात. म्हटलं, घरून.

भाऊजी : बसा, बसा. आणि हाताला हे काय पिवळं?

वहिनी : ऑइल पेंट. रॉकेलनं घासलं तरी निघेना. त्याच्यासाठीच आलेय. दार लावून घ्या आधी.

भाऊजी : दादा बरा आहे ना?

वहिनी : बरे आहेत. डाव्या हातानं दाढी करतात, गालभर कापून घेतात, पण वस्तरा काही माझ्या हातात देत नाहीत. ते जाऊ द्या. भाऊजी, तुमच्या खात्यात फितूर आहे.

भाऊजी : काय?

वहिनी : फितूर, घरभेदी! उद्या आमच्या कारखान्यावर तुमचे तपासनीस येणार, खरं ना?

भाऊजी : तुम्हाला कुणी सांगितलं?

वहिनी : सांगायला कशाला हवं? सोमवारी फोरमननं गोदामातून प्रेसच्या जाळ्या बाहेर काढल्या. वर्षभर डब्यांच्या ढिगामागे पडलेल्या. गंजल्या होत्या, म्हणून आम्हा बायकांना रंगवायला बसवलं. आता एकूण एक मशीनला पिवळीधमक जाळी. हात आत घालीन म्हटलं तरी जात नाही. उद्या तुमची माणसं बघतील, माना डोलावतील, गाडीत बसतील. परवा सकाळी जाळ्या परत गोदामात.

भाऊजी : अजून तसंच चालतं?

वहिनी : तुम्ही विचारताय? त्याच प्रेसवर डब्यांची झाकणं काढलीत ना तुम्ही? जाळी असली की झाकण चिमट्यानं ओढायचं, माल निम्मा निघतो, फोरमन डोक्यावर बसतो. आणि परवा त्या उघड्या प्रेसवर कोण असेल? आपली चिमणी.

भाऊजी : चिमणी? ती पॅकिंगला होती ना?

वहिनी : गेल्या महिन्यात हलवली. ह्यांच्याच मशीनवर. ह्यांना अजून सांगितलेलं नाही मी. रात्री तिच्या हातावर हात ठेवून झोपते, लेकीच्या. एवढी मोठी झाली, तरी.

भाऊजी : मला आधी का नाही सांगितलंत?

वहिनी : म्हटलं, तपासणी होईल, मालकाची खोड मोडेल. भाऊजी असल्यावर काळजी कसली! तर हा फितूर निघाला. हे म्हणाले, आधी जा, त्याला सावध कर, कुणीतरी आतून खबर देतंय आणि नाव त्याचं खराब होतंय. रजा टाकून आलेय. शोधून काढा मेल्याला.

भाऊजी : चहा सांगतो.

वहिनी : चहा राहू दे. संशय कुणावर आहे?

भाऊजी : कुणी फितूर नाही, वहिनी.

वहिनी : मग मालकाला कळलं कसं?

भाऊजी : आम्हीच कळवलं. खात्यानं. आता आठ दिवस आधी सूचना द्यायची, मग जायचं, असं ठरलंय.

वहिनी : कुणी ठरवलं?

भाऊजी : तसा आदेश आहे.

वहिनी : भाऊजी, कुणाचा?

भाऊजी : माझा. माझी सही आहे. ऐकून तरी घ्या. तपासनीस मूठभर, कारखाने ढीगभर. न सांगता गेलं की गेटवरच अडवतात. मालक नाही, चाव्या नाहीत, दिवस फुकट. कळवून गेलं की निदान...

वहिनी : निदान रंग बघायला मिळतो.

भाऊजी : आमदार असताना बोलणं सोपं होतं. इथं सगळ्यांना सांभाळून घ्यावं लागतं.

वहिनी : आमदार व्हायच्या आधी काय बोललात, ते मला पाठ आहे. ह्यांना मंचावर उभं केलंत. ह्यांची रिकामी बाही हातात धरलीत आणि म्हणालात, पाहुणे येणार कळलं की कुणाच्याही घरात पसारा दिसत नाही, तपासणी न कळवताच झाली पाहिजे. मैदानात बायका रडत होत्या. निवडून गेलात, कायदा करून आणलात. मी गल्लीभर मिरवले, आमच्या भाऊजींचा कायदा म्हणून.

भाऊजी : कायदा तसाच आहे. फक्त अंमलबजावणीच्या पातळीवर...

वहिनी : माझ्याशी असलं बोलू नका. घरातलं बोला.

भाऊजी : घरातलं? आमदारकी गेली तेव्हा कोण होतं माझ्यामागे? युनियननं तोंड फिरवलं. घरी बसून होतो. ज्यांनी ही खुर्ची दिली त्यांनी तेव्हाच बजावलं, मालकांना उठसूट त्रास नको.

वहिनी : कोण होतं म्हणता? हे होते. एका हातानं तुमची पोस्टरं चिकटवत होते, ब्रश दातात धरून. त्यांचा हात मशीननं घेतला. जो उरला नव्हता तोही तुम्ही विकलात.

भाऊजी : वहिनी...

(दार वाजतं. सहायक डोकावतो.)

सहायक : साहेब, डबा कारखान्याचे मालक आलेत. उद्याच्या तपासणीबद्दल दोन मिनिटं हवीत म्हणतात.

भाऊजी : थांबायला सांगा.

वहिनी : थांबवता कशाला? ते कळवून आले असतील.

भाऊजी : (सहायकाला) तुम्ही जा हो, मी बोलावतो त्यांना. वहिनी, एक करतो. चिमणीला प्रेसवरून काढून ऑफिसात घ्यायला सांगतो. आत्ता सांगतो. माझा शब्द मोडणार नाही तो.

वहिनी : आणि तिच्या जागी जिला बसवतील तिचं काय? तिला काका नाही म्हणून?

भाऊजी : मग काय करू मी?

वहिनी : सही तुमची, तर रद्दही तुम्हीच करा. मालक बाहेर बसलाय, त्याच्या देखत.

भाऊजी : खुर्ची जाईल.

वहिनी : जाईल.

भाऊजी : थोडा वेळ द्या मला.

वहिनी : माझ्याकडे कुठला वेळ? परवा सकाळी जाळ्या निघतात. येते मी.

भाऊजी : गाडीनं जा. वहिनी, थांबा. दादाला काय सांगणार?

वहिनी : सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसलेत. कधी एकदा मी येते आणि तुम्ही काय म्हणालात ते सांगते, असं झालं असेल त्यांना.

भाऊजी : काय सांगणार?

वहिनी : सांगेन, भाऊजी भेटले नाहीत.