फलाटावरचं पद

मनोहरराव : सतरा पदं हायेत माह्या नाटकात, सतरा! अन् तू म्हनतं पाच. अनंता, तू पिच्चर काढून राहिला का मेथी निवडून राहिला गा?

अनंत : अहो, पडद्यावर माणूस दर सात मिनिटांनी गायला लागला तर लोक उठून घरी जातील, मनोहरराव. स्टेजवर चालून जातं. पण आमदार विधानसभेत पुलासाठी भांडतो आहे, आणि भांडता भांडता तान घेतो...

मनोहरराव : काहून घेऊ नाही? तेरा वर्सं झाले, त्या तानेले टाळ्या पडून राहिल्या. एका गावी तं दोन डाव वन्स मोर आला. सभापतीचं काम करनारा बिचारा घंटी वाजवून वाजवून थकला.

अनंत : कॅमेऱ्याला टाळ्या वाजवता येत नाहीत ना.

मनोहरराव : बरं बाप्पा. बारा काढून टाक. पोटचे लेकरं हायेत थे माहे, पन टाक काढून. फक्त फलाटावरचं पद राहू दे. तेवढा शब्द दे मले, मंग हा पिच्चर तुहा.

अनंत : त्याचसाठी तर तुम्हाला सायकलवर बसवून हुडकेश्वरला प्रयागकाकूंच्या घरी आणलं. ते पद ठेवता येणार नाही.

मनोहरराव : हळू बोल! वहिनी आत च्या मांडून राहिल्या. काहून नाही ठेवता येनार?

अनंत : कारण ते खोटं आहे.

मनोहरराव : खोटं? वाडीच्या गोदामात हमाल पोते उतरवतांनी म्हनतात थे पद. 'गाडी आली फलाटाले, सोड वं माहा हात, गावासाठी चाललो मी, राग नको मनात.' माहं नाव लोकायले ठाऊक नाही, पद ठाऊक हाय. अन् तू पुन्यात तीन वर्सं पिच्चरचं शिकून आला, तं मलेच खोटं म्हनतं?

अनंत : पद उत्तम आहे हो. प्रसंग खोटा आहे. मी दत्तोपंतांना भेटलो. आमदार महादेवरावांचे सगळे कागद तेच सांभाळायचे, स्टेशनवर सोडायलाही तेच जायचे. पासष्ट साली महादेवराव शेवटचे मुंबईला निघाले, बजेटच्या अधिवेशनाला. तेव्हा प्रयागकाकू फलाटावर नव्हत्याच. घरी भांडण झालं होतं. आणि चौथ्या दिवशी मुंबईहून ते गेल्याची तार आली.

मनोहरराव : मले ठाऊक हाय.

अनंत : ठाऊक आहे?

मनोहरराव : महादेवरावावर नाटक लिहिलं तवा थे जित्ते होते गा. पहिल्या खेळाले समोरच बसले होते, मांडीवर ताल धरून. थोही चुकीचा. मी आपलं असंच लिहिलं होतं, का आमदार मुंबईले चालला अन् बायको फलाटावर पोचवाले आली. पुढं थे गेले. लोकायनं मानून घेतलं का हेच शेवटची भेट. खेळ संपला का बाया येऊन वहिनीच्या पाया पडत. मंग मी कोन सांगनारा? झाकली मूठ सव्वा लाखाची.

अनंत : मला ती मूठ उघडायची आहे. फलाट नाही, गर्दी नाही, वाफेचं इंजिन नाही. फक्त एक बंद दार. एवढा मोठा पुढारी, अख्खी सभा गप्प करणारा माणूस, आणि घरचं दार उघडत नाही. सांगा, यापेक्षा मोठा सीन कोणता?

मनोहरराव : अन् उद्या त्याच बाया काय म्हनतीन? हिनं नवऱ्याले रागानं धाडलं अन् तो मेला. तू तं पिच्चर करून मोकळा होशील. वहिनीले ह्याच गावात राहाचं हाय.

अनंत : खरं सांगा. काळजी काकूंची आहे की पदाची?

मनोहरराव : दोघायची. खोटं काहून बोलू? पदाची जराशी जास्त.

प्रयागबाई : भांडून झालं असंन तं च्या घ्या. अन् ह्या तुरीच्या शेंगा हायेत उकडलेल्या, गरम हायेत तोवर खाऊन घ्या.

मनोहरराव : वहिनी, आमी आपलं उगाच, पदायचं बोलून राहिलो होतो.

प्रयागबाई : ऐकलं मी. गुडघे गेले माहे, कान नाही गेले. मनोहरभाऊ, एक विचारू? तो तुमचा कवडू मिशी काढून माहं सोंग घेते, अन् फलाटावर असा गळा काढते का मले माहीच दया येते. मी मेली एवढी कधी रडली जी?

मनोहरराव : थे लोकायले आवडते, वहिनी.

प्रयागबाई : आवडत असंन. हे गेले तवापासून नऊ वर्सं रडून राहिला तो माह्या नावानं. त्याचं तरी डोकं दुखत नाही का?

अनंत : काकू, तुमची हरकत असेल तर मी तो भाग घेणार नाही. पण खरं काय झालं ते मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.

प्रयागबाई : घे लिहून. पन लिहितं तं पुरं लिही. दत्तोपंताले अर्धंच ठाऊक हाय. तो तिकडं रस्त्यावर जीपमंधी बसून हारन वाजवून राहिला होता.

मनोहरराव : वहिनी, नका सांगू. याच्या वहीत गेलं का थे साऱ्या विदर्भात गेलं समजा.

प्रयागबाई : जाऊ द्या नं. मी काय चोरी केली? ऐक बापू. आमदाराले रेल्वेचा पास राहे, त्याच्यावर एक सोबती बी जाऊ शके. हे मले म्हनत, 'यंदा तुले नेतो. समुद्र दाखवतो.' असे तीन अधिवेशनं गेले. चवथ्या डाव म्हने पक्कं. मी नवं लुगडं घेतलं, ट्रंक भरली. साऱ्या आळीत सांगून बसली होती का मी मुंबईले चालली.

अनंत : आणि मग?

प्रयागबाई : मंग निघाच्या दिवशी सकाळी म्हनते, 'चंद्रभानले नेतो.' नाल्यापलीकडचा चंद्रभान. त्याची बायको बाळंतपनाले अडली होती अन् नाल्याले पूर. पलीकडंच गेली बिचारी. हे म्हने, 'कागदं लय नेऊन पाह्यले. आता ह्या मानसालेच मंत्र्यासमोर उभा करतो. मंग पाहतो पूल कसा होत नाही तं.'

अनंत : पूल त्याच वर्षी मंजूर झाला.

प्रयागबाई : झाला नं. खरं त्याईचंच होतं. म्हनून तं जास्त राग आला! खोट्या मानसावर रागावता येते, भांडता येते. खऱ्या मानसाशी काय भांडनार? उठली अन् आतून कडी लावली. धाडकन.

मनोहरराव : वहिनी...

प्रयागबाई : थे बाहेरून म्हने, 'येतो.' मी काही बोलली नाही. पुन्हा म्हने, 'येतो वं.' तरी नाही बोलली. तिकडं हारन वाजून राहिला. मले वाटलं गेले. तं ह्या खिडकीशी येऊन उभे झाले, अन् गाऊन राहिले.

मनोहरराव : कोन? महादेवराव? गाऊन राहिले?

प्रयागबाई : हाव जी. तुमचंच पद. 'राग नको मनात.'

मनोहरराव : माहं पद? महादेवरावानं म्हनलं? अनंता, ऐकलं का गा? माहं पद म्हनलं त्याईनं! वहिनी, सुरात म्हनलं का?

प्रयागबाई : सूर? बाप्पा! रेड्यानं गळा काढावा तसं. नाटकात तुमी त्याईच्या तोंडी सतरा गाने देल्ले, मनोहरभाऊ, पन त्या मानसाले आरती बी धड म्हनता येत नव्हती. उभ्या जन्मात तेवढंच गायले. माह्यासाठी.

अनंत : मग तुम्ही काय केलंत, काकू?

प्रयागबाई : हासू आलं नं! असं हासू आलं का पोट दुखे. पन मी त्याईले काहून दाखवू? तोंडात पदर कोंबला. आवाज जाऊ देल्ला नाही. दोन डाव म्हनलं त्याईनं. जराशे थांबले. मंग हारन वाजला अन् पावलं गेली.

(अनंत वहीत लिहून घेतो.)

प्रयागबाई : शेंगा खा, थंड होऊन राहिल्या. राग धरला त्याचं मले काही नाही वाटत. तेवढा राग बायकोनं धरलाच पाहिजे, नाही तं नवरे डोक्यावर बसतात. पन हासली होती मी. मनातून तं राग गेलाच होता. थे त्याईले ठाऊक नाही. मी आतून रडून राहिली असंन, असंच समजून गेले असतीन थे.

मनोहरराव : कोनाले बोलल्या नाही तुमी कधी.

प्रयागबाई : कोनाले सांगू? सारे म्हनत, फलाटावर किती रडली बिचारी. त्याईले काय सांगू का मी पदर कोंबून हासत होती?

अनंत : काकू, मी हा सीन असाच घेतो. बाहेर गाणं, आत तुम्ही. तोंडात कोंबलेला पदर, क्लोजअप. आवाज नाही.

प्रयागबाई : नाही. आवाज येऊ दे.

अनंत : पण तसं झालं नव्हतं ना.

प्रयागबाई : बापू, ह्या मनोहरभाऊनं मले नऊ वर्सं फलाटावर रडवलं, कोनी इचारलं नाही खरं का खोटं. एक डाव हासवाले तुले जड जाते?

मनोहरराव : आता बोल गा. पुन्याचं शिक्षन कुठं गेलं?

अनंत : जड नाही, काकू. भांडण ठेवू ना?

प्रयागबाई : सारं ठेव. पास ठेव, चंद्रभान ठेव. दार जोरात लावजो, हलकं नको लावू. बाया पाहतीन तं म्हनतीन, हे आपल्यासारखीच हाय. पन मंग हासू बाहेर जाऊ दे. त्याईच्या कानावर पडलं पाहिजे. थे हासतच जीपमंधी बसले पाहिजे.

अनंत : बसतील. शब्द देतो. म्हणजे तुमचं पदही राहिलं, मनोहरराव. फलाटावरून खिडकीखाली आलं, एवढंच. फक्त ते बेसूर म्हणावं लागेल.

मनोहरराव : बेसूर? मी? महादेवरावाच्या सोंगात तीनशे खेळ केले, अनंता. ताप अंगात घेऊन उभा राह्यलो, पन सूर नाही सोडला. लोक काय म्हनतीन? मनोहरराव म्हातारा झाला, गळा गेला त्याचा.

अनंत : तुमचं खरं आहे. तेवढ्यापुरता दुसरा कोणाचा आवाज...

मनोहरराव : खबरदार! माहं पद दुसरा कोनी बिघडवनार नाही. मीच बिघडवीन. ऐका. 'गाडी आली फलाटाले...'

प्रयागबाई : हे तं गोड झालं.

मनोहरराव : गोड झालं? थांबा. 'सोड वं माहा हात...'

प्रयागबाई : अजून सुरातच हाय जी. असं नाही. मान वाकडी करून म्हनत थे. अन् शेवटी श्वास पुरत नव्हता त्याईले, तं शब्द गिळून टाकत.

अनंत : डोळे मिटून घ्या, मनोहरराव. टाळ्या येणारच नाहीत असं समजा. समोर बंद दार आहे, बायको रुसली आहे आणि गाडीची वेळ झाली आहे.

मनोहरराव : हं. सरस्वतीमाय, एक डाव माफ कर. 'गावासाठी चाललो मीऽऽ... राग... नकोऽ मना...'

(प्रयागबाई मोठ्यानं हसू लागतात. कुंपणापलीकडून शेजारीण विचारते, "काय झालं वं, प्रयागबाई?")

अनंत : थांबू नका, मनोहरराव. म्हणा, म्हणा.

प्रयागबाई : काही नाही वं, कांताबाई! आमचे हे गाऊन राहिले!