मिठाची वाटी

माझा जन्म अक्कलकोट तालुक्यातला, घरात कन्नड, शाळेत मराठी, सोलापुरात सात रस्ता चौकात रिक्षा धरली तवा दोन्ही भाषांत लोक शंकरअण्णा म्हणून हाक मारायचे, पुढं कुठल्याच भाषेत नाव चांगलं राहिलं न्हाय. दारू. काय सांगू तुमाला, सकाळी हात थरथरायचा म्हणून प्यायचो आणि प्यायचो म्हणून थरथरायचा. बायको शैला लेकीला घेऊन माहेरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, हाताची थरथर थांबली की बोलवा.

आमच्या गावच्या मठात सोमवारी दासोह असतो, येईल त्याला जेवण. मी फुकट जेवायलाच गेलो, देवासाठी न्हाय, खरं सांगतो. त्या दिवशी वाढपी कमी पडले, तर सैपाक बघणाऱ्या सिद्धव्वानं माझ्या हातात आमटीची बादली दिली. पहिल्याच म्हाताऱ्याच्या धोतरावर ओतली की! म्हातारा म्हणाला, असू दे, धोतरालाबी भूक लागली असंल. सगळे हसले, मी रडलो. सिद्धव्वानं बादली काढून घेतली, मला वाटलं आता हाकलती, तर तिनं मिठाची वाटी दिली. धाकट्या भावाला हाक मारावी तशी म्हणाली, तम्मा, मीठ इकडंतिकडं पडलं तर कुणाला भाजत न्हाय. पण सोमवारी पिऊन यायचं न्हाय.

मग सोमवारसाठी रविवार सोडला, रविवारसाठी शनिवार. दवाखान्यात गोळ्या घेतल्या, दोनदा घसरलोबी, लपवलं न्हाय. सिद्धव्वा म्हणायची, वाटी हितंच हाय, ये. प्रत्येक पत्रावळीपुढं वाकायचं, वाकता वाकता माझा ताठा कधी गेला कळलं न्हाय. लोक विचारतात, देव भेटला का? मला तर तो मांडी घालून जेवायला बसलेलाच दिसतो.

एका सोमवारी बघतो तर पंगतीत शैला, शेजारी लेक गौरी. सिद्धव्वानंच निरोप धाडलेला. मी खुळ्यासारखा मीठ वाढतच राहिलो, गौरी म्हणाली, पप्पा, एवढं मीठ कोण खातंय? शैला माझ्या तोंडाकडं न्हाय, हाताकडं बघत होती. मागनं सिद्धव्वा ओरडली, उभा काय ऱ्हायलास, बादली घे! आमटी उकळती, बादली काठोकाठ. लेकीच्या द्रोणात वाढली, शैलाच्या द्रोणात वाढली, थेंब सांडला न्हाय. शैला म्हणाली, अजून थोडी वाढा. बास, एवढंच. लग्नातबी मी इतका खूश नव्हतो हो.

आता सोमवारी आमी तिघंबी मठात असतो, शैलाच्या भाकरीला लई मागणी हाय. परवा एक जण आला, हात थरथरणारा, नजर खाली. मी कायबी विचारलं न्हाय, वाटी दिली. म्हणालो, दादा, कसंबी पडू दे, फक्त पुढच्या सोमवारी ये. तो येऊ दे, आणि तुमचंबी पान कधी अळणी राहू नये, माझं एवढंच मागणं हाय.