मधली वेळ

ताई : काच पुसून काय होणार? वाफ आतून, माझ्या बाजूने धरलीये; या विलगीकरणाच्या खोलीत हवाच खेळत नाही. फोन नीट धर.

धाकटी : धरलाय. हातमोजे घातले होतेस ना?

ताई : दोन-दोन. उंदीर दोन्हींतून चावला.

धाकटी : आणि त्याला आधीच रोग दिलेला!

ताई : मीच टोचला होता. त्याने परतफेड केली.

धाकटी : थट्टा पुरे. तुमच्या प्रयोगशाळेतलं औषध आणून ठेवलंय, परवानगी मिळालीये, आणि नको कोण म्हणतंय? तू!

ताई : नको नाही म्हटलं. एवढ्यात नको.

धाकटी : एवढ्यात नको म्हणजे?

ताई : ऐक. शेजारशेजारच्या पेशींमध्ये बारीक वाटा असतात. एकीला लागण झाली की ती त्या वाटेने शेजारणीला खबर देते. शेजारीण सावध होते, लढायला उठते.

धाकटी : मग चांगलंच की.

ताई : खबर बेताची असेल तोवर. फार झाली की सगळ्या भडकतात, मग रोग राहतो बाजूला आणि आपलंच शरीर आपल्याला जाळतं. आमचं औषध त्या वाटा बुजवतं.

धाकटी : मग घे ना!

ताई : लवकर दिलं ते उंदीर मेले. खबरच गेली नाही. उशिरा दिलं तेही मेले. मधल्या वेळेचे तेवढे जगले.

धाकटी : आणि माणसाची मधली वेळ?

ताई : माणसाला अजून कुणी दिलेलंच नाही.

डॉक्टर : तुम्ही बहीण ना? जरा इकडे. श्वास वाढलाय. मी दोनदा विचारलं, त्या थांबा म्हणतात. शुद्धीत आहेत तोवर त्यांचाच शब्द. नंतर तुमचा.

धाकटी : माझा? मला यातलं ओ की ठो कळत नाही, डॉक्टर.

ताई : काय कुजबुजताय? ए, आईला म्हणावं खिडकी उघड. किती कोंडलंय इथं.

धाकटी : कुणाला?

ताई : आईला गं. तिकडे ओट्यापाशी उभी आहे बघ.

धाकटी : डॉक्टर, आमची आई जाऊन वर्षं लोटली.

डॉक्टर : मग आता तुम्ही सांगा.

ताई : अगं, मी शुद्धीत आहे! तापात जीभ घसरली एवढंच. अजून थांबायचं. तू यात पडू नकोस.

धाकटी : ताई...

ताई : मारशील मला!

धाकटी : द्या, डॉक्टर.

ताई : दार उघडा! कुणीतरी दार उघडा!

(काही दिवसांनी. तीच काच, तोच फोन.)

ताई : अजून बाहेर सोडत नाहीत. आतून कडीसुद्धा नाही दाराला.

धाकटी : सोडतील. घास तरी गिळवतोय ना आता?

ताई : हं. द्या म्हणून कुणी सांगितलं?

धाकटी : मी.

ताई : माझ्या हिशेबाने लवकर दिलंत.

धाकटी : म्हणजे माझं चुकलं?

ताई : कोण जाणे. नसतं दिलं तर काय झालं असतं, ते आता कधीच कळायचं नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही.

धाकटी : रागावलीस?

ताई : तेव्हा फार रागावले होते. तू ऐकत का नाहीस, एवढंच डोक्यात घुमत होतं.

धाकटी : ऐकत होते गं. सगळं ऐकत होते. अजून झोप लागत नाही मला.

ताई : ...खुर्ची पुढे घे. अजून. काचेला टेकू दे. आता डोळे मीट जरा, मी आहे जागी.