उन्हाच्या शहरात सौम्या

— नाही हो, काचांना ही काळी फिल्म उन्हासाठी नाही लावलेली. सगळे पालक तेच विचारतात. समोर रस्ता आहे ना, पोरींचं लक्ष बाहेर जातं असं सरांचं म्हणणं, म्हणून लावलीय. बसा, बसा ना. तुमचे मिस्टर आणि अदिती आत सरांशी बोलतायत म्हणजे बराच वेळ जाईल, सरांना बोलायला आवडतं. मी भवानी, या हॉस्टेलची वॉर्डन. पोरी अक्का म्हणतात. मूळची मिरजेची — मघाशी तुम्ही फोनवर मराठी बोललात आणि जिवाला कसं बरं वाटलं. ह्यांची इथं गाड्यांच्या कारखान्यात नोकरी, म्हणून चेन्नईला आलो, आणि मग इथं तांबरममध्येच केस पिकले. कॉफी घेणार? नको? बरं.

तर हॉस्टेल उत्तम आहे, त्याची काळजी करू नका. मेडिकलच्या तयारीला याच्यासारखी जागा नाही, निकाल बाहेर फलकावर लावलेत ते बघितलेत ना? खोल्या वर, मेस खाली, वर्ग पलीकडच्या इमारतीत, आणि मधे बंद पूल — पावसात भिजायला नको, उन्हात तापायला नको. उजाडायच्या आत पोरी अभ्यासिकेत, मग वर्गात, परत येतात तेव्हा दिवे लागलेले. गच्ची? आहे की. कुलूप असतं. कपडे वाळवायला मशीन आहे, मग गच्चीचं काय काम? खेळाचा तास होता पूर्वी, तो टेस्टला दिला. तुम्ही म्हणालात ना, अदितीला ऊन सोसत नाही, लगेच काळवंडते, स्कूटरवर बसली की डोळे सोडून सगळं झाकून घेते — सौम्याची आजीसुद्धा अगदी हेच म्हणायची. मला बजावून गेली होती, पोरीला उन्हात सोडू नका, उद्या लग्नाच्या वेळी —

कोण सौम्या? होती एक. गेली. — अहो, गेली म्हणजे घरी गेली! देवाच्या कृपेनं घरीच गेली.

तंजावूरची पोर. तिकडची जुनी मराठी घरं असतात ना, त्यांतली. वडील संताजीराव, भांड्यांचं दुकान. तिची मराठी ऐकली असतीत तर तुम्हाला हसू आलं असतं — शब्द माझ्या पणजीच्या वेळचे आणि हेल सगळा तमिळ. पण माझ्याशी मराठीतच बोलायची, हट्टानं. थ्रोबॉल खेळायची शाळेत. दहावीला ते बंद केलं घरच्यांनी, सकाळ-संध्याकाळ ट्यूशन लावली, आणि अकरावीला इथं आणून सोडली. उंच, हसरी. जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढायची, मीच ओरडायचे, पडशील म्हणून. काय बोलून गेले बघा.

आधी नडग्या दुखतात म्हणाली. म्हटलं, वाढतं वय आहे, तेल लाव. मग कंबर. मग कठडा धरून चढायला लागली. आमच्याकडं सकाळी प्रार्थनेला खाली बसतात, तर हिला उठताच येईना — दोन्ही हात गुडघ्यांवर टेकायचे आणि स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं उठायचं. पोरी नक्कल करायच्या. पोरीच त्या, काय कळतंय त्यांना! एक विजी तेवढी नव्हती हसत — विजयालक्ष्मी, तिच्याच खोलीतली, इथल्याच वेस्ट मांबलमची. ती हिचं ताट वर घेऊन यायची. मी सरांना सांगितलं, एकदा नाही, चारदा सांगितलं. सर म्हणाले, टेस्ट जवळ आली की पोरींचं अंग दुखतंच, तुम्ही लाड करू नका. आणि ही पोर — हे मला विजीनं सांगितलं — पाणीच पिईना. का? तर पाणी प्यायलं की उठून बाथरूमला जावं लागतं. चेन्नईच्या उकाड्यात तहानलेली बसून राहायची, उठायला नको म्हणून. तुम्हाला गंमत वाटते? नाही ना. मलाही नाही वाटली.

मग एका टेस्टला हात आखडले तिचे. घास घेताना बोटं कशी जुळतात, तशीच जुळली आणि सुटेचनात. पेन पडलं. पर्यवेक्षक म्हणाले, नाटक. त्यांनी तिला वर्गाबाहेर काढलं. ती एकटी निघाली खोलीकडं, आणि जिन्यात — मी खालीच होते. आवाज नाही झाला हो फार. तीनच पायऱ्या राहिल्या होत्या, एवढ्यावरून पडून लहान मूलसुद्धा रडून विसरतं. आणि हिचं खुब्याचं हाड मोडलेलं. माझा हात धरून नुसतं म्हणत होती, मुडियलै, अक्का, मुडियलै — होत नाही गं अक्का, नाही होत. तेव्हा मराठी नाही आठवली तिला.

अड्यारच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई वयानं लहान होत्या, रिपोर्ट दोनदा वाचला त्यांनी. म्हणाल्या, हिच्या अंगात व्हिटॅमिन डी जवळजवळ नाहीच, कॅल्शियम तळाला गेलंय, हाडं मऊ पडलीत. हे आजचं नाही, वर्षा-दोन वर्षांचं आहे. मग सौम्याला विचारलं, बाळा, ऊन अंगावर कधी घेतलं होतंस शेवटचं? आणि ती आठवत राहिली. खूप वेळ आठवत राहिली हो. बाहेर एवढं ऊन, दवाखान्याच्या अंगणात कुत्री सावली शोधत होती — आणि शेवटी म्हणाली, दिवाळीला गावी गेले होते तेव्हा, बसस्टँडपासून घरापर्यंत. डॉक्टर बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. मला म्हणाल्या, हॉस्टेलमधल्या बाकीच्या मुलींच्याही तपासण्या करून घ्या. म्हटलं, सांगते सरांना. सांगितलं. सर म्हणाले, भवानीअम्मा, पालक घाबरतील. आणि म्हणाले, मुलीच्या वडिलांना सांगा, फरशी ओली होती, पाय घसरला.

संताजीराव आले. आरडाओरडा नाही, काही नाही. ऑपरेशन चाललेलं, बाहेर बाकावर बसलेले. मला विचारलं, बाई, काय झालं खरंखुरं? आता तुम्हीच सांगा, काय म्हणणार त्या माणसाला? मी म्हटलं, फरशी कोरडी होती. आणि सगळं सांगितलं. त्यांनी हात जोडले मला. मला! म्हणाले, आमची आई तिला अंगणातही जाऊ देत नव्हती, आणि आम्हीच तुमच्याकडं आणून सोडली. — हे सरांना ठाऊक नाही हां. तुम्ही काही बोलू नका. मी तरी कशाला बोलतेय तुमच्याशी एवढं? मराठी ऐकली की तोंड सुटतं माझं.

आता बरी आहे. हाडात स्क्रू आहेत, औषधं चालू आहेत, वॉकर घेऊन परसदारी उन्हात जाऊन बसते. आजीच खुर्ची नेऊन ठेवते म्हणे. परवा फोन आला होता तिचा. हे सांगितलं, ते सांगितलं, आणि मग विचारलं, अक्का, आता पोरींना गच्चीवर सोडतात का? मी म्हटलं, हो गं, रोज सोडतात. — काय म्हणणार होते? खूश झाली. विजीला सांग, म्हणाली, माझ्या वाटणीचंही उन्हात बस.

कुलूप? तसंच आहे.

आणि विजी — विजी कालपासून कठडा धरून चढतेय. मी बघितलं. तिनं बघितलं की मी बघितलं. लगेच हात काढून घेतला पोरीनं, आणि हसली. सरांकडं गेले सकाळी, तर म्हणाले, रविवारची टेस्ट होऊ दे. तिच्या आईला फोन लावावा म्हणून मी खाली आले इथं, नंबर काढून ठेवलाय, आणि तुम्ही बसलेल्या दिसलात, आणि मी आपली — घाबरते हो मी. ह्यांची नोकरी गेली गेल्या साली, इथंच खाली खोली दिलीय आम्हाला. पण लावते. आता लावते. तुम्ही उठलात की लावते.

दार उघडलं बघा. — हो सर! येते सर! — ऐका, सही नाही ना केलीत अजून? मग उठा. अदितीला घ्या आणि निघा. मिस्टरांना काय सांगायचं ते वाटेत सांगा. माझ्याकडं असं बघू नका, मी काही बोलले नाही तुमच्याशी. — हो सर, मेसची वेळच सांगत होते त्यांना. — जा म्हणते ना. जा.