शनिवारच्या आत

(दातांचा दवाखाना. खुर्चीत भाऊ, तोंड उघडं. शेजारच्या स्टुलावर ताई, मांडीवर पिशवी.)

डॉक्टर : आणि हा समोरचा दात एकदाच तुटलेला नाही. परत परत त्याच जागी टवका उडालाय. कुठे पडला होतात का?

भाऊ : आँ.

ताई : त्याला नका विचारू, मी सांगते. माइक. एकाच माइकवर दोघं गायचे. गाणं रंगात आलं की तो झिपऱ्या माइक स्वतःकडे ओढायचा आणि सोडला की तो थेट आमच्या भावाच्या दातावर.

डॉक्टर : झिपऱ्या कोण?

ताई : मुख्य गायक. आता टक्कल पडलंय त्याला, पण नाव झिपऱ्याच. 'ओला रंग' ऐकलंय का तुम्ही? बँड होता. म्हणजे अजून आहे.

डॉक्टर : ऐकलंय म्हणजे काय. कॉलेजात असताना माझ्या खोलीत पोस्टर होतं त्यांचं. चौघांचं.

ताई : पाच जणांचं. उजव्या कडेला एक कोपर दिसतं बघा.

डॉक्टर : हो. कोपर आहे खरं.

ताई : तो हा.

डॉक्टर : बरं. आता तोंड जरा मोठं उघडा. इंजेक्शन दिलंय, आता कॅपसाठी दात घासून घेते, मशीनचा आवाज होईल. दुखलं तर हात वर करा.

भाऊ : आँ.

डॉक्टर : असं गुणगुणू नका. जीभ हलते.

ताई : ते त्याच्या हातात नाही हो. तुमच्या मशीनला दुसरा आवाज लावतोय तो.

डॉक्टर : काय लावताहेत?

ताई : दुसरा आवाज. झिपऱ्या गायचा तो पहिला. हा त्याच्याबरोबरच, पण थोडा खालून. तेच याचं काम. आता झिपऱ्या नाही, तर जे सापडेल त्याला लावतो. फ्रिजला लावतो, माझ्या शिलाई मशीनला लावतो. पडद्यांचं दुकान आहे आमचं. मी शिवते, हा लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेतो, दांड्या बसवतो. भिंतीत ड्रिल घातलं की ड्रिलबरोबर गातो. गिऱ्हाईकं एकमेकांकडे बघत बसतात.

डॉक्टर : आता थांबले.

ताई : तुम्ही थांबलात ना.

डॉक्टर : आणि गाणी कोण लिहायचं?

ताई : सगळी यानेच. बँडही यानेच काढला. सायकलच्या दुकानावर एक खोली होती. नुकतीच रंगवलेली, म्हणून दाराला 'ओला रंग' अशी पाटी. रंग वाळला तरी पाटी कुणी काढली नाही, तेच नाव पडलं. आत हा, झिपऱ्या, एक ढोल बडवणारा आणि खालून सायकलवाल्याच्या शिव्या.

डॉक्टर : मग स्वतःची गाणी स्वतःच का नाही गायली?

भाऊ : आआँ आँ.

ताई : म्हणतोय, झिपऱ्याचा आवाज चांगला होता.

डॉक्टर : तुम्हाला कळतं ते?

ताई : न कळायला काय झालं. जो विचारेल त्याला हेच सांगत आलाय.

डॉक्टर : चूळ भरा.

भाऊ : चांगला होताच.

ताई : बघा. अहो, घरी भिंतीपलीकडे याचा सराव चालायचा, तोही फक्त दुसऱ्या आवाजाचा. मी महिनोन्‌महिने तेवढंच ऐकलेलं. मला वाटायचं, गाणं हेच. मग एक दिवस किराणा दुकानात रेडिओवर लागलं. ऐकते तर शब्द याचे आणि चाल भलतीच. म्हटलं, कुणी तरी मेल्याने चोरलं आणि वर बिघडवलं. भांडले मी दुकानदाराशी.

भाऊ : त्याने रेडिओ बंद केला बिचाऱ्याने.

ताई : अजूनही मला ती खरी चाल कानाला बरी वाटत नाही. तुम्ही म्हणाल, अडाणी बाई आहे.

डॉक्टर : नाही म्हणणार. आ करा. मग बँड सोडला कशासाठी?

ताई : सोडतोय कुठला. कावीळ झाली याला. परगावी कार्यक्रम होते, बाकीचे पुढच्या गावी निघून गेले आणि हा तिथल्या हॉस्पिटलात. मी जाऊन आणला. बरा होऊन परत खोलीवर गेला, तर याच्या जागी कीबोर्ड. त्याला म्हणे एक बटण होतं. बटण दाबलं की दुसरा आवाज येतो.

भाऊ : आँ आँआँ आँ.

ताई : बटण चांगलं होतं म्हणतोय. याला काय, सगळंच चांगलं. कुणी काढलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. हा आपला आला तसा जिना उतरायला लागला आणि मधल्या पायरीवर बसला तो बसलाच. सायकलवाल्याने मला फोन केला, तुमचा माणूस घेऊन जा, ये-जा करणाऱ्यांना अडचण होतेय. तिथूनही मीच आणला. पुढे वर्षभर घरात बोलणं नाही. गाणं राहू द्या, जेवताना मीठ हवं असलं तरी स्वतः उठून घ्यायचा.

डॉक्टर : ठीक. आता दाताचं माप घेते. हा साचा तोंडात घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं तर नाहीच.

ताई : त्याची काळजी नको. सवय आहे.

डॉक्टर : कॅप शुक्रवारी तयार होईल. शनिवारच्या आत हवी म्हणाला होतात, ते जमून जाईल.

ताई : शनिवारच्या आत? एवढी कसली घाई? पंधरा वर्षं या दातासाठी मी याच्या मागे लागलेय. तेव्हा कुठे परवा हो म्हणाला. मला वाटलं, माझ्या बोलण्याला यश आलं.

डॉक्टर : फोनवर म्हणाले, कार्यक्रम आहे. 'श' म्हणताना फटीतून हवा जाते, ती जायला नको.

ताई : शनिवारी? शनिवारी हा कसा जाईल? मी तर झिपऱ्याला नाही म्हणून कळवलं होतं.

भाऊ : म्म.

डॉक्टर : हलू नका.

ताई : आता सुटलंच तोंडातून.

डॉक्टर : मी जरा बाहेर थांबू का?

ताई : मग ते तोंडातलं कोण काढणार? थांबा इथेच. हो रे, झिपऱ्याचा फोन आला होता. महिना झाला. तू कुणाकडे तरी शिडीवर होतास. म्हणाला, बँड बंद करतोय, शेवटचा कार्यक्रम आहे, याला पाठवा. मी म्हटलं, त्याचं गाणं सुटलंय, पुन्हा फोन करायचा नाही. एका दमात म्हटलं. आणि फोन ठेवून एका बाईच्या पडद्याला झालर उलटी शिवली. तू उसवलीस ती.

भाऊ : म्म.

ताई : बघू नकोस असा. त्या पायरीवर बसलेलं तुला मी पाहिलंय, झिपऱ्याने नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मला भीती वाटली. तू परत तसा गप्प झालास, तर या वयात मला ते झेपायचं नाही. बास, एवढंच.

डॉक्टर : झालं घट्ट. काढते. चूळ भरा.

ताई : आता बोल.

भाऊ : ओठ बधिर आहे.

ताई : बधिर ओठाने बोल.

भाऊ : झिपऱ्याने मग माझ्या मोबाइलवर केला फोन. तू काय म्हणालीस ते सांगितलं.

ताई : म्हणजे महिनाभर माहीत होतं तुला?

भाऊ : हो.

ताई : आणि गप्प बसलास.

भाऊ : तूही.

ताई : माझं सोड. काय म्हणालास त्याला?

भाऊ : ताईला विचारून सांगतो म्हणालो.

ताई : विचारलंस कुठे?

भाऊ : रोज विचारणार होतो. तू नको म्हणाली असतीस, तर मी गेलो नसतो. आणि मला जायचंय.

ताई : पुन्हा जिन्यावर बसायची वेळ आणली त्यांनी, तर?

भाऊ : आणतीलही.

ताई : मग ऐकून ठेव. या वेळी मी यायची नाही आणायला. गुडघे राहिले नाहीत माझे.

भाऊ : आणायला नको येऊस.

ताई : मग?

भाऊ : ऐकायला ये. आणायला दर वेळी आलीस. ऐकायला एकदाही नाही.

डॉक्टर : बधिरपणा उतरेपर्यंत काही खाऊ नका. ओठ चावला जातो.

ताई : डॉक्टर, तुम्ही गेल्या असाल ना असल्या कार्यक्रमांना?

डॉक्टर : गेलेय की.

ताई : बसायला मिळतं का हो तिथे?