इंजिन आतल्या आत पितंय

पंक्चर काढून घ्यायला गॅरेजच्या बाकावर बसलेल्या बाईंनी पेपर उघडला खरा, पण कान मात्र शेजारच्या डिझेल गाडीपाशी मेकॅनिकशी बोलणाऱ्या बापलेकांकडे होते.

“साहेब, खाली गळतीचा एक थेंब नाही. इंजिनातलं सील, हेड गॅस्केट गेलंय; थंड ठेवणारं कूलंट इंजिनच पितंय.”

“मग कूलंटची टाकी भरलेली कशी?”

“कुणीतरी रोज साधं पाणी पाजून पुण्य कमावतंय! आत सगळा गंज.”

“बाबा?”

“अरे, मोठा खर्च निघाला तर गाडी विकणार म्हणालास. म्हणून गुपचूप पाणी घालत राहिलो, बोललो नाही.”

“आता भंगारातच जाणार!”

“मग दवाखान्यात तुझ्या आईकडे मला कोण नेणार?”

“बघू.”

“घरी कधी नेतोस, असं ती विचारते, तेव्हाही तू ‘बघू’च म्हणतोस रे.”