नळ माझा, पाणी माझं

...नाही, तुम्हीच सांगा, स्वतःच्या घरात, स्वतःच्या नळाखाली गरम पाण्यानं अंघोळ करायची तर बाईमाणसानं कोणाकोणाला विचारत फिरायचं? आमच्या बिश्केकात उन्हाळा आला की गरम पाणी बंद. का, तर पाइप तपासायचेत! दरवर्षी तपासतात, दरवर्षी फुटतात, आणि आम्ही दरवर्षी गॅसवर पातेलं चढवून मगामगानं अंग ओलं करतो. माझे गुडघे शिलाईच्या कारखान्यात मशीन मारून मारून कामातून गेलेत, त्यांना गरम पाण्याची धार लागते हो, धार! मगातून कसली धार येणार, कपाळ?

म्हणून यंदा म्हटलं, बास झालं, बॉयलर बसवणार. नळ माझा, पाणी माझं, अंग माझं!

झालं, आली बुरुल एजे. आमच्या इमारतीची प्रमुख. वयानं मोठी म्हणून एजे म्हणायचं, म्हणजे ताई, नाहीतर मी काय काय म्हटलं असतं ते तुमच्यासमोर नको. तिचं सगळं नाकातून... "सायराकान, पाइप खालपासून वरपर्यंत सगळ्यांचा एक. तुझं गरम पाणी आमच्या पाइपात शिरलं तर?" मी म्हटलं, मग तुम्हाला फुकटात गरम पाणी, रडताय कशाला? तर म्हणे, प्रश्न पाण्याचा नाही, शिस्तीचा आहे, आणि सगळी इमारत गार पाण्यानं धुतेय तर तूच काय खानाची लेक लागून गेलीस? म्हटलं, हो, लागून गेले!

बोलावला प्लंबर. झाकिप नाव त्याचं, बोलतो कमी, उसासे जास्त. बॉयलर टांगला, सगळ्यांच्या पाइपाकडे जाणारा कॉक दाखवला आणि म्हणाला, "हा बंद ठेवा एजे, नाहीतर एकट्या अख्खी इमारत तापवत बसाल." मी तो कॉक असा करकचून आवळला, की झाकिपच कळवळला.

आता माझं तोंड! गप्प बसायचं ना? पण नाही. आमच्याकडे नवी वस्तू घेतली की ती 'धुवायची' असते. पाण्यानं नाही हो, चहानं! बोरसोक, म्हणजे पिठाचे फुगरे तुकडे, तळायचे, शेजाऱ्यांनी यायचं, खायचं, वस्तू टिकू दे म्हणायचं. गाडी धुतात, टीव्ही धुतात, वरच्या मजल्यावरच्या टोकोन बाइकेनं, बाइके म्हणजे दादा, तर नवी कवळी धुतली होती. तर मी मुद्दाम, बुरुल एजेला ऐकू जावं म्हणून, खिडकीतून अंगणात ओरडले, "आज बॉयलर धुतेय, या सगळे!"

आणि आले ना सगळे. मी पिठाच्या हातानं दार उघडते तर काय, समोर टोकोन बाइके, काखेत टॉवेल, हातात साबण. त्याच्यामागे त्याची बायको, तिच्यामागे अख्खा जिना, सगळ्यांच्या काखेत टॉवेल! मी म्हटलं, हे काय? तर बाइके किती साळसूदपणे म्हणतो, "धुवायला बोलावलंस ना?"

गरम पाणी बंद होऊन इतके दिवस झालेले, माणसाला दुसरं काय ऐकू येणार? आणि दारात आलेला पाहुणा परत पाठवायची आमच्यात रीत नाही. मी बोरसोक तळतेय, आत बाइके गातोय, बाहेर आला तो गुलाबी होऊन, मग त्याची बायको, मग एकेक करून बाकीचे, आणि सगळ्यांत शेवटी, शिस्तीत, बुरुल एजे! आत गेली ती गेलीच, मला वाटलं, विरघळली बहुतेक.

मग माझा नंबर. कपडे काढले, गुडघे पुढे केले, नळ सोडला... डोंगरावरचा बर्फ हो, बर्फ! टाकीतलं गरम पाणी संपलेलं. कॉक बंद, आणि तरी अख्खी इमारत तापवली मी.

कुडकुडत, गाऊन गुंडाळून बाहेर आले, तर बुरुल एजे दारात. डोक्याला टॉवेल, गाल लालबुंद, हातात वाफाळतं पातेलं. "तुझ्या त्या यंत्राचा काय भरवसा, म्हणून मी घरी तापवून ठेवलं होतं. घे, आता मला नको."

काय करता? घेतलं. बसले मोरीत, मगामगानं.

नळ माझा होता हो. पाणी बुरुलचं, पातेलं बुरुलचं... अंग तेवढं माझं.